वायरमनची वही

"पंखा लावा ना जरा," मी म्हणाले. बटण त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर होतं. हात मागे केला असता तर लागलं असतं.

तो उठला. बटणाकडे पाहिलं. पँटला हात पुसले, पुन्हा पाहिलं आणि खाली बसला.

"राहू द्या मॅडम. मले काही गरम होऊन नाई राह्यलं."

एप्रिल होता. वर्ध्याचा एप्रिल. त्याच्या कानामागून घामाची धार कॉलरमध्ये उतरत होती. मी उठून पंखा लावला आणि समोरचा फॉर्म पुन्हा वाचला. नाव प्रभाकर नगराळे. वय बेचाळीस. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: वायरमन, अनुभव एकोणीस वर्षं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होते. लोक मला डॉक्टर म्हणत, पण मी औषध देत नसे. माझं काम बोलण्याचं. माणूस एकाच प्रकारचा वाईट विचार पुन्हा पुन्हा करत असेल, आणि त्या विचारामुळे त्याचं काम, झोप, घर बिघडत असेल, तर ती सवय मोडायला त्याला शिकवायचं. दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे याला काउन्सेलिंग म्हणत. प्रभाकरच्या बाबतीत मात्र वेगळा शब्द वापरावा लागला.

तो जामकडच्या एका सूतगिरणीत होता. त्याला पाठवलं होतं तिथल्या मॅनेजरने. ते स्वतः आदल्या आठवड्यात येऊन गेले होते. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन, घाईत असलेला माणूस.

"मॅडम, माणूस एक नंबर आहे," ते म्हणाले होते. "आमची पूर्ण वायरिंग त्याच्या डोक्यात आहे. पण आठ महिन्यांपासून काम करत नाही. म्हणजे येतो रोज. दुसऱ्याला कामाला लावतो आणि स्वतः विजेच्या पॅनलसमोर उभा राहतो. तासतासभर. खांब जैसा. जूनमध्ये माझं ओव्हरहॉल आहे, सगळी मशीनं खोलून साफ करायची. तोपर्यंत ठीक झाला तर झाला. नाही तर मी त्याला पॅकिंगला टाकणार."

"तिकडे गेला तर?"

"तर वायरमन म्हणून संपला. आणि एक करा, थेरपी-बिरपी म्हणू नका. कामगार त्याला पागल म्हणतील. कोचिंग म्हणा."

मी कोचिंग म्हटलं. प्रभाकर पहिल्याच दिवशी त्यावर बोलला. "माही पोरगी दहावीची कोचिंग करते. आता बापही कोचिंगले जाते म्हणून सांगन का तिले?" हे सांगताना तो थोडा हसला. त्या दिवशी तेवढंच हसला.

आठ महिन्यांपूर्वी काय झालं, ते त्याने सरळ सांगितलं. कार्डिंगच्या एका मशीनची मोटर बंद पडली होती. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजून विंचरण्याचा विभाग. दुरुस्तीला दोघं वायरमन गेले, प्रभाकर आणि सुधाकर. दोघांची नोकरी एकाच महिन्यात लागलेली. प्रभाकरने पॅनल-रूममध्ये जाऊन त्या मोटरचं हँडल खाली केलं, म्हणजे वीज बंद केली. हँडलवर सुतळीने पुठ्ठ्याचा बोर्ड लटकवला: 'काम चालू आहे'. सुधाकरला जाऊन सांगितलं, "बंद केलं, खोल." आणि बेअरिंग आणायला स्टोअरमध्ये गेला. दरम्यान पुठ्ठा पडला. दुसऱ्या शिफ्टचा मुकादम आला. त्याला वाटलं, मशीन उगाच बंद आहे. त्याने हँडल उचललं.

सुधाकर वाचला. उजवा हात कोपराखाली कापावा लागला. सहा महिन्यांनी गिरणीने त्याला गेटवर रजिस्टर लिहायला बसवलं. तो आता डाव्या हाताने लिहितो.

"अन् तुम्ही?" मी विचारलं.

"मी मागच्या गेटानं जातो. कापसाच्या यार्डातून."

प्रभाकरसोबत त्याची बायको शोभा आली होती. तिला बाहेरून आत बोलावलं. ती उभ्या उभ्याच बोलली. "पोरगी शाळेचा ड्रेस इस्त्री करत होती मॅडम. यायनं येऊन वायरच कापून टाकली. विळ्यानं. फ्रिज बंद करून ठेवला. मिक्सर माळ्यावर. म्या म्हटलं, आता मीटरच काढून द्या न कंपनीले, मंग बसू कंदील लावून."

आमच्या पद्धतीत पहिलं हत्यार असतं वही. साधी, शाळकरी. भीती वाटली की त्याच वेळी तिच्यात लिहायचं: कुठे होतो, डोक्यात काय विचार आला, तो शंभरातला किती खरा वाटला. मग पुढचे दोन रकाने. हा विचार खरा असल्याचा पुरावा काय, आणि खोटा असल्याचा पुरावा काय. माणूस विचाराला विचार म्हणून पाहायला लागला की त्याची पकड ढिली होते. एरवी आपण विचाराला बातमी समजतो.

प्रभाकर वही लिहिणार नाही, असं मला वाटलं होतं. त्याने दोन आठवड्यांत अठरा पानं भरली. अक्षर वायरमनचं, बारीक आणि सरळ. एकूण बत्तीस वेगवेगळे विचार होते. काही असे:

'पॅनल-रूमच्या दारात. हँडल खाली केलं तरी लाइन बंद होणार नाही. शंभरातले नव्वद.'

'घरी. पोरगी बल्बखाली बसली आहे. बल्ब फुटून तिच्या अंगावर पडेल. साठ.'

'जेवताना. माझ्या हाताला यश नाही. ज्याला लावला तो गेला. शंभर.'

'पॅनलसमोर. बोर्ड लावला तरी कोणीतरी हँडल उचलेल. शंभर.'

'गेटवर लांबून सुधाकर दिसला. मनात मला शिव्या देत आहे. शंभर.'

आम्ही एकेक विचार घेऊन बसलो. बल्बचा तर त्याने स्वतःच निकाल लावला. "असा बल्ब म्या एकोणीस वर्षांत नाई पाह्यला," म्हणाला आणि साठाचे दहा केले. हँडलच्या विचाराला थोडा वेळ लागला. मी विचारलं, "हँडल खाली केल्यावर लाइन बंद झाली की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?"

"टेस्टर लावतो न."

"आजवर टेस्टर खोटं बोलला?"

"एकदा. सेल गेलता त्याचा."

"मग काय केलं?"

"दुसरा लावला." मग स्वतःच म्हणाला, "बरं. लिहा पंधरा."

विचारांच्या चुकांना आम्ही नावं देतो. माणसाला ती पाठ झाली की चूक होतानाच पकडता येते. पुढे काय होणार ते आधीच ठरवून टाकणं, याला भविष्यवाणी. समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याला माहीत आहे असं धरणं, याला मनकवडेपणा. प्रभाकरच्या वहीत मी समासात लाल पेनने लिहीत गेले. 'कोणीतरी हँडल उचलेल'समोर लिहिलं: भविष्यवाणी. 'शिव्या देत आहे'समोर लिहिलं: मनकवडेपणा. दोन्ही वेळा पेन जरा जोरात चाललं. इतकी स्वच्छ उदाहरणं रोज मिळत नाहीत.

चार बैठका झाल्या. घरचा फ्रिज सुरू झाला. मिक्सर माळ्यावरून खाली आला. माझ्या खोलीतला पंखा त्याने स्वतः लावला, पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. पण गिरणीत काहीच हललं नाही. मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, अजून खांब आहे."

पाचव्या बैठकीला मी 'कोणीतरी हँडल उचलेल'चं पान उघडलं. "प्रभाकरभाऊ, हा हँडलचा विचार अजून शंभरवर का आहे? पुराव्याचा रकानाही रिकामा ठेवलाय."

त्याने वही आपल्याकडे ओढली. "काय लिहू समजून नाई राह्यलं. मागच्या मंगळवारचं लिहू का?"

"मंगळवारी काय झालं?"

"हँडल उचललं."

"कोणी?"

"कोण जाणे. म्या खाली केलं, बोर्ड लावला, लघवीले गेलो. येऊन पाह्यलं त हँडल वर. नशीब, मोटरवाल्यानं अजून खोललं नव्हतं. दिवाळीच्या वेळेसही एकदा झालतं."

मी पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचार लिहाले सांगतलं, मॅडम. हे त झालेलं हाये."

माझ्या कामात असे क्षण येतात तेव्हा चेहरा सरळ ठेवायची सवय लागलेली असते. तेवढा मी ठेवला. चार बैठका मी या माणसाला शिकवत होते, की जे घडत होतं ते घडणार नाही. तो तासतासभर पॅनलसमोर उभा राहत होता, त्याला मी फॉर्मवर 'भीतीमुळे टाळाटाळ' लिहिलं होतं. खरं तर तो पहारा देत होता. दुसऱ्या एकाचा हात जाऊ नये म्हणून.

मी म्हटलं, "मला तुमची गिरणी पाहायची आहे."

पुढच्या शनिवारी एस.टी.ने जामला उतरले. तिथून गिरणीची जीप आली. मॅनेजर स्वतः पॅनल-रूमपर्यंत आले. लोखंडी कपाटांच्या दोन रांगा, प्रत्येकावर लाल हँडल. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे बोर्ड टांगलेले, सुतळ्या काळ्या पडलेल्या. दोन बोर्ड जमिनीवर पडले होते आणि कोणीतरी त्यांच्यावरून चालून गेलं होतं. मॅनेजर आत होते, म्हणून प्रभाकर दाराबाहेरच उभा होता.

"या ना आत," मी म्हटलं. "तुम्हीच दाखवा."

तो आला. दोन पावलं. मग एका हँडलच्या बुडाशी बोट ठेवलं. "हे भोक पाहा मॅडम. प्रत्येक हँडलले हाये. बनवणाऱ्यानं कुलूप लावाले ठेवलं. हँडल खाली केलं, कुलूप ठोकलं, चावी आपल्या खिशात. मंग कोणाच्या बापाले नाई उचलता येत."

"मग लावत का नाही?"

त्याने मॅनेजरकडे पाहिलं.

"लावलं असतं," मॅनेजर म्हणाले. "पण समजा हा चावी घेऊन घरी गेला? माझी लाइन बंद. किती तास प्रॉडक्शन जाईल? आणि मॅडम, तुम्हाला मी त्याचं डोकं दुरुस्त करायला सांगितलं. माझी मिल नाही."

"त्याच्या डोक्यातले पुष्कळ विचार दुरुस्त झाले," मी म्हणाले. "हा एक होणार नाही. हा बरोबर आहे."

"म्हणजे कोचिंग फेल?"

"याच्यापुरतं हो. कुलूप लावलं तर पुढचं करता येईल. नाही लावलं तर मी त्याला पॅनल सोडून कामाला जा, असं सांगणार नाही. तसं रिपोर्टमध्ये लिहीन."

मॅनेजर माझ्यावर चिडले, हे सांगायला मनकवडेपणा लागत नव्हता. पण ओव्हरहॉल सहा आठवड्यांवर होतं, आणि त्या कपाटांची माहिती दुसऱ्या कोणाला नव्हती. त्या आठवड्यात हिंगणघाटहून बारा कुलपं आली. प्रत्येक वायरमनला आणि फिटरला एक, वर पेंटने नाव, प्रत्येक कुलपाला एकच चावी. ज्याचं काम, त्याचं कुलूप; काम दोघांचं असेल तर एका हँडलला दोन. ज्याने लावलं त्यानेच काढायचं.

प्रभाकरने 'कोणीतरी हँडल उचलेल'समोर शंभर खोडून पाच लिहिलं. कुठल्याही बैठकीत मला इतका मोठा उतार मिळाला नव्हता, आणि यात माझं कौशल्य शून्य होतं.

यानंतर तो लगेच मोटर खोलायला बसला असं नाही. कुलूप लावलेलं, चावी खिशात, टेस्टर दोनदा लावलेला, आणि तरी हात मोटरच्या डब्याजवळ जाऊन थांबायचा. इथे माझं काम पुन्हा सुरू झालं. आम्ही पायऱ्या केल्या. पहिल्या दिवशी फक्त डब्याचं झाकण काढायचं. दुसऱ्या दिवशी आतल्या वायरला पाना लावायचा. तिसऱ्या दिवशी हाताने धरायची. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचं, पळायचं नाही. पळालं की भीतीला वाटतं आपण बरोबर होतो. तो पायऱ्या चढत गेला. एका पायरीवर मात्र अडकला. 'ज्याला हात लावला तो गेला.' हा विचार पन्नासच्या खाली येईना.

मी म्हटलं, "यात सुधाकर आहे. त्याच्याशी बोललात का कधी?"

"काय बोलू?"

"वहीत लिहिलंय तुम्ही, तो मनात शिव्या देतो. विचारा त्याला. तपासल्याशिवाय कसं कळणार?"

उत्तर काय येणार, याची मला खात्री होती. माणसं अशा वेळी म्हणतात, अरे सोड, तुझी काय चूक. मग आपला माणूस रडतो, हलका होतो, आणि रकान्यात शून्य लिहितो. मी असं बऱ्याच वेळा पाहिलं होतं.

मे महिन्यात मी दुसऱ्यांदा गिरणीत गेले. निघताना गेटवर सही करायची होती. प्रभाकर माझ्यासोबत पुढच्या गेटपर्यंत चालत आला. सुधाकर तिथे बसायला लागल्यापासून पहिल्यांदा. सुधाकर टेबलामागे बसला होता. जाड मिशा, उजवी बाही दुमडून पिन लावलेली. त्याने रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि प्रभाकरकडे पाहिलं.

"काऊन रे? रस्ता चुकला का?"

प्रभाकरने विचारलं. आम्ही ठरवलं होतं तसं, शब्दाला शब्द. "सुधाकर, एक इचारतो. तू मले मनात शिव्या देतं का?"

सुधाकरने पेन रजिस्टरवर ठेवलं.

"दिल्या ना," तो म्हणाला. "दवाखान्यात दिल्या. घरी गेल्यावर दिल्या. तुह्या मायेलेही सोडलं नाई. बोर्ड लावून निघून गेला, म्हटलं, साल्याले दोन मिनिटं उभं राहता नाई आलं?"

मी सही करत होते. ती अर्ध्यावरच राहिली. आपण या माणसाचं दीड महिन्याचं काम एका मिनिटात उधळलं, असं वाटलं.

"अन् आता?" प्रभाकरने विचारलं.

"आता हप्त्यातून एखादवेळ. बायकोले शर्टाचं बटण लावून मागावं लागते, तेव्हा." त्याने बाहीच्या पिनेवर बोट ठेवलं. "पण म्याही कधी जाऊन पाह्यलं का, बोर्ड हाये का नाई? तू म्हटलं खोल, मी खोललं. आपण सारेच तसे काम करत होतो. मुकादमालेही देतो शिव्या. स्वतःलेही देतो."

सुधाकरने पेन पुन्हा हातात घेतलं.

"माह्या दवाखान्यात तू आठ दिवस बसला, हे शोभावहिनीनं सांगतलं. आत काऊन नाई आला?"

"हिंमत नाई झाली."

"हूं. आता ते मागच्या गेटानं जाणं बंद कर. चोरावानी दिसतं." आणि मला म्हणाला, "मॅडम, सही पूर्ण करा. वेळही टाका."

जीपमध्ये बसले तेव्हा प्रभाकर अजून गेटवरच उभा होता. सुधाकर पुढच्या ट्रकची नोंद करत होता.

पुढच्या बैठकीला मी तयारीने बसले होते. पडझड झाली असेल, तर काय करायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. प्रभाकर आला, पंखा लावला, वही उघडली. गेटच्या विचारासमोर मी लाल पेनने लिहिलेलं 'मनकवडेपणा' त्याने नीट, एका रेघेने खोडलं होतं. त्यापुढे लिहिलं होतं: 'खरं निघालं.'

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"झोप लागली मॅडम. तीन दिवस."

"त्याने तर कबूल केलं, शिव्या देतो म्हणून."

"हो न. पण मले वाटे, तो दिवसभर देते. तो त हप्त्यातून एखादवेळ देते." त्याने वही मिटली. "अन् तेवढ्या द्याच लागन त्याले."

'ज्याला हात लावला तो गेला' हा विचार त्या दिवशी वीसवर आला. पुढे कधी शून्य झाला नाही. मीही त्याच्यामागे लागले नाही.

जूनमध्ये गिरणी ओव्हरहॉलसाठी तीन दिवस बंद होती. मी गेले नव्हते. चौथ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. कार्डिंगच्या सगळ्या मोटरी प्रभाकरने स्वतः खोलल्या आणि स्वतः बंद केल्या. मॅनेजर खूश होते आणि तक्रारही करत होते. "मला लाइन चेक करायची होती. कुलूप याचं. मी म्हटलं, खोल. म्हणाला, फिटरचं काम बाकी आहे, त्याचं कुलूप निघाल्यावर माझं निघेल. मी मॅनेजर आहे मॅडम! अर्धा तास उभा होतो. खांब जैसा."

गिरणीने रुग्णालयाला पत्र पाठवलं: कोचिंग यशस्वी. आमच्या विभागाच्या बैठकीत मी ही केस मांडली, तेव्हा सगळा तपशील सांगितला. बत्तीस विचारांपैकी तीस चुकीचे होते. ते वहीने आणि पायऱ्यांनी गेले किंवा उतरले, पद्धत सांगते तसेच. दोन बरोबर होते. एकाला कुलूप लागलं, दुसऱ्याला एक प्रश्न. आणि नेमके तेच दोन होते, ज्यांच्यावर मी पहिल्या महिन्यात सगळ्यात जोरात लाल पेन चालवलं होतं.

त्यानंतर मी पेशंटना देते त्या वहीत एक रकाना वाढवला आहे. तो पुराव्याच्याही आधी येतो: 'हे आधी कधी खरंच झालं आहे का?' बहुतेक जण तिथे 'नाही' लिहितात, आणि आम्ही पुढे जातो. जो कोणी 'हो' लिहितो, त्याला मी आधी पूर्ण बोलू देते. लाल पेन मी वापरत नाही.